पाण्याच्या दिवसाचा तक्ता

बाई, नमस्कार.

आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहतो. मुलगी आठवीत, मुलगा अकरावीत. यांचं टॉवेल-चादरीचं होलसेलचं दुकान आहे. मुलीच्या वर्गाला यंदा गणिताला नवीन बाई आल्यात. त्यांनी मुलांना एक काम दिलं. घरी पाणी येईल त्या दिवशी कोणाला किती वेळ पाणी भरावं लागलं, ते घड्याळ लावून लिहायचं. आमच्याकडे पाच दिवसांआड पाणी येतं, तेही कधी पहाटे तीनला. मुलीनं लिहिलं : आई ३ तास २० मिनिटं, आजी ५० मिनिटं, मी ४० मिनिटं, दादा १० मिनिटं, बाबा ०. त्याचा रंगीत आलेख काढला आणि तो नावासकट वर्गाच्या भिंतीवर लागला. पालक सभेला एरवी मी जाते, या वेळी नेमके हे गेले. दोघं-तिघं तो शून्य बघून हसले. तेव्हापासून घरात धुमसतंय. हे म्हणतात, "शाळेनं गणित-विज्ञान शिकवावं, आमच्या घरात डोकावू नये. मोटार कोणी बसवली, टाकी कोणी आणली, ते का नाही मोजलं?" आता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुख्याध्यापकांना द्यायचा अर्ज फिरतोय : पोर्शन मागे पडतोय, घटक चाचणी तोंडावर आहे, बाई वर्गात समाजकारण करतात, आज पाणी काढलं, उद्या जात काढतील. शनिवारपर्यंत सह्या हव्यात. यांनी केली. मी अजून केलेली नाही. खरं सांगू का, तो तक्ता बघून मला बरं वाटलं होतं. पण घरात वाद नको वाटतो आणि पोर्शनची काळजी मलाही आहे. शाळेनं असल्या गोष्टींत पडावं का? सही करू का नको? तक्त्याचा फोटो सोबत पाठवतेय.

– एक आई, जुळे सोलापूर

ताई,

सही करू नका, एवढं तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी कळवलं होतं. का, ते आता निवांत लिहिते. त्या नव्या बाईंची एक चूक झालीय, तीही सांगते. ती मला लांबून ओळखता येते, कारण मी स्वतः तिच्याहून मोठी करून बसलेली आहे.

आधी पोर्शन. शेजारच्या मुलाकडून आठवीचं गणिताचं पुस्तक मागून आणलं. त्यात सांख्यिकीचं प्रकरण आहे. सरासरी आहे, विभाजित स्तंभालेख आहे, शतमान स्तंभालेख आहे. आता तुम्ही पाठवलेला फोटो बघा. एका उभ्या पट्टीत चार रंग, कडेला मिनिटांचं प्रमाण. हा विभाजित स्तंभालेखच की! शेजारची दुसरी पट्टी शंभरात बसवलीय, तो शतमान. पुस्तकातल्या तयार आकड्यांऐवजी बाईंनी नळाला आलेले आकडे घेतले, एवढाच फरक. 'पोर्शन मागे पडतोय' असं लिहिणाऱ्यानं पुस्तक उघडलेलं दिसत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस आणि १००० तास शिकवणं ठरवून दिलंय. ते तास कुठं गळतात ते मी एकतीस वर्षं पाहिलं. निवडणुकीची ड्युटी, जनगणना (ही दोन्ही कामं त्याच कायद्यानं मान्य केलीत), माहितीचे फॉर्म, त्याच माहितीचे पुन्हा फॉर्म, आणि गॅदरिंगच्या प्रॅक्टिसा. नाचापायी आमचे दोन-दोन आठवडे शेवटचे तास जायचे. त्यासाठी कोणी सह्या गोळा केल्याचं मला आठवत नाही. उलट आमची पोरगी मागच्या ओळीत का, म्हणून भांडायला यायचे.

आता तुमचे मिस्टर. सगळ्यांदेखत आपल्या नावापुढं शून्य दिसला की कोणालाही झोंबतं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. आणि रागाच्या भरात त्यांनी जो प्रश्न विचारलाय तो तुमच्या अख्ख्या पत्रातला सगळ्यात हुशार प्रश्न आहे. मोटार आणि टाकी का नाही मोजली? बरोबर आहे. तक्त्यात मिनिटं मोजली, पैसे मोजले नाहीत. काय मोजायचं ते बदललं की उत्तर बदलतं, हे आठवीच्या मुलाला कळलं तर वर्षाची फी वसूल झाली म्हणायची. हा प्रश्न अर्जाखालच्या सहीत वाया का घालवायचा? त्यांनी तो बाईंना विचारावा. बाई शहाण्या असतील तर त्यांनाच वर्गात बोलावतील. टाकीला किती गेले, मोटारीला किती, एका पाण्याला मोटार किती वेळ चालते आणि विजेचं बिल किती येतं, हे होलसेलच्या व्यापाऱ्याहून चांगलं कोण सांगणार? मग मुलं दुसरा तक्ता करतील. त्यात कोणाच्या नावावर शून्य येतो आणि का, हेही मुलंच विचारतील. तेव्हा मात्र त्यांनी चिडायचं नाही, एवढं आधी कबूल करून घ्या.

आणि घरात डोकावण्याचं म्हणाल तर हेच काम केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानंही केलंय. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत त्यांनी देशभर घराघरांत जाऊन विचारलं की दिवसाचे चोवीस तास कशात गेले. आपल्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती आणि तसं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. तुमच्या लेकीनं पाण्यापुरतं तेच केलं. फक्त सरकारनं आकड्यांखाली कोणाचं नाव लिहिलं नव्हतं.

बाईंची चूक इथं आहे. तक्ता करून घेतला ते उत्तम, तो भिंतीवर लावला तेही चालेल, पण खाली मुलांची नावं ठेवायला नको होती. मूल शाळेत घरातलं काही सांगतं ते विश्वासानं सांगतं. ते दहा पालकांसमोर टांगलं की पुढच्या वेळी मूल खरं लिहीत नाही, 'बाबा ३० मिनिटं' असं दडपून लिहितं. मग आकडेही गेले आणि विश्वासही गेला.

आता माझी गोष्ट. तीसेक वर्षांपूर्वी मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत शिकवत होते. सहावीचा वर्ग. निम्म्याहून जास्त मुलांच्या आया घरी विड्या वळायच्या. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि गल्लीत दोन्हींची मिसळ. शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठरला. मी नव्या दमाची. काळ्या पडलेल्या फुफ्फुसाचं मोठं चित्र काढून नेलं, तास रंगवला, आणि शेवटी आवाज चढवून म्हटलं की विडी पिणाऱ्यापेक्षा विडी बनवणारा मोठा गुन्हेगार. टाळ्या पडल्या. मग चित्रांची स्पर्धा. एका मुलीनं सूप काढलं, सुपात विड्यांऐवजी कवट्या. मी तिला पहिला नंबर दिला.

चौथ्या दिवशी तिची आई शाळेत आली. मधल्या सुट्टीची वेळ होती. पदराला तंबाखूचा वास, बोटांची पेरं पिवळट पडलेली. भांडायला आलीय असं वाटून मी सावरून बसले, पण ती भांडली नाही. उभ्या-उभ्याच म्हणाली, "टीचर, पोरगी म्हणायलीय, आई तू माणसं मारतीस. तीन दिस झालं, कातर लपवून ठेवलीय, पानाला हात लावू देईना. मी हजार विड्या नाही वळले तर संध्याकाळी काय शिजवू, सांगा की." मग तिनं कमरेची पिशवी सोडली आणि विडी कामगाराचं ओळखपत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. "हे कार्ड हाय म्हणून तिची स्कॉलरशिप यायलीय. तुम्हीच भरलाव की फॉर्म."

खरंच मीच भरला होता. जुलैमध्ये, माझ्या अक्षरात, त्याच कार्डाचा नंबर घालून. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राकडून शिष्यवृत्ती मिळते. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. आईच्या विड्यांवर मुलीची वह्या-पुस्तकं, आणि त्या आईला गुन्हेगार म्हणून मी टाळ्या घेतल्या. ते कार्ड टेबलावर पडलेलं मला अजून दिसतं. कडेला प्लॅस्टिक सुटलेलं, फोटोतली बाई फारच तरुण.

त्यानंतर मी हे विषय वर्गात काढायचे सोडले का? दोन वर्षं सोडले होते, खरं सांगते. नुसतं पुस्तक. बरं चाललं होतं, कोणी नाव ठेवत नव्हतं. मग एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेताना नववीतला एक नंबर गैरहजर, दुसऱ्या आठवड्यातही गैरहजर. मुलं खाली मान घालून हसू दाबायला लागली. लग्न झालं होतं तिचं. वर्गातल्या सगळ्यांना सुट्टीआधीपासून माहीत होतं. मला सांगण्यासारखी मी त्यांना वाटले नव्हते, कारण मी फक्त पोर्शन घेणारी बाई होते. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं तेव्हाही गुन्हा होता. आता तर २००६ चा आणखी कडक कायदा आहे आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कोणीही फोन करू शकतं. पण फोन करायला आधी कळावं लागतं ना!

तर पुन्हा सुरू केलं, फक्त उलट्या बाजूनं. तंबाखूचा धडा आला की मी चित्र न्यायचं बंद केलं आणि मुलांना विचारायला लागले. पान किती वेळ भिजत ठेवतात? तासाला किती विड्या होतात? हजारी किती मिळते? कारखान्यात किती विड्या छाट म्हणून बाजूला काढतात, आणि त्यांचे पैसे देतात का? सगळी उत्तरं त्यांना तोंडपाठ, मला एकही माहीत नव्हतं. मी फळ्यावर लिहीत जायचे. एका वर्षी एका मुलानं आपणहून विचारलं, "बाई, आई विडी ओढत नाही, तरी तिला खोकला का?" माझ्या काळ्या फुफ्फुसाच्या चित्रानं जे काम केलं नसतं ते त्या प्रश्नानं केलं. आणि त्या दिवशी कोणाच्या घरी कातर लपवली गेली नाही.

म्हणून तुमच्या लेकीच्या बाई मला आवडल्या. त्यांनी 'बायकांवर अन्याय होतो' असं भाषण दिलं नाही. घड्याळ लावा म्हणाल्या. ज्याला त्याला आपापला आकडा दिसला. तुम्हाला बरं वाटलं, मिस्टरांना वाईट वाटलं, आजींना काय वाटलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्यांनाही विचारा, ५० मिनिटं काही कमी नाहीत त्या वयाला.

'उद्या जात काढतील' या वाक्याचं मला हसू आलं. जात शाळेला नव्यानं काढावी लागतच नाही. पहिलीच्या प्रवेशालाच ती जनरल रजिस्टरात चढते आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बसून घरी परत येते. मधल्या दहा वर्षांत वर्गात तिच्याबद्दल चकार शब्द नाही. मुलं ती शिकतातच, डबा कोणासोबत खायचा आणि नव्या मुलाचं आडनाव कशाला विचारायचं, यातून शिकतात. ते बिनगुरूचं शिक्षण चालतं, आणि बाईंनी तोंड उघडलं की समाजकारण होतं. दर १२ जानेवारीला आपली पोरं सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर भाषणं ठोकतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, १९३१, येरवडा, फाशी. नावं पाठ, साल पाठ. एखाद्या बाईनं विचारावं की बाबांनो, ही चार नावं नीट वाचा, या चार घरांतली माणसं १९३० च्या सोलापुरात एकत्र आली तरी कशी? हा इतिहासाचाच प्रश्न आहे, पण ग्रुपवर त्याचाही अर्ज फिरेल.

शाळेनं काय करू नये, हेही माझ्या मनात पक्कं आहे. कोणाला मत द्यायचं हे वर्गात येता कामा नये, आडूनसुद्धा नाही. पोरांच्या हातात फलक देऊन उन्हात फिरवायच्या प्रभातफेऱ्या बंद झाल्या तर मी पेढे वाटीन. घोषणा देऊन घसा बसण्यापलीकडे त्यातून काही निघत नाही. आणि बाईंचं स्वतःचं मत त्यांनी वर्गाबाहेर ठेवावं. साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत सहा वर्षं शिकवलं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये ते आपल्याच जिल्ह्यात उपोषणाला बसले, ते शिक्षकी सोडल्यावर, आणि स्वतःचा जीव पणाला लावून. मतासाठी किंमत मोजायची तर ती स्वतः मोजावी, पोरांना पुढं करू नये.

आणि 'शाळेनं पडूच नये' असं म्हणायची सोय कायद्यानंही ठेवलेली नाही. वर्गातल्या मुलावर कोणी लैंगिक अत्याचार करतंय हे बाईंना कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं त्यांना बंधनकारक आहे. गप्प बसणं हा गुन्हा आहे. आता ज्या वर्गात घरातलं काही बोलायचीच पद्धत नाही, तिथं मूल असली गोष्ट सांगणार कोणाला?

तुम्ही काय करायचं? अर्जावर सही नाही, पण ग्रुपवर वादही घालू नका. टायपिंगनं कोणाचं मत बदललेलं मी पाहिलेलं नाही. बाईंना शाळा सुटल्यावर भेटा, एकट्या. तक्ता आवडला हे आधी सांगा, त्यांनाही सध्या ते ऐकायची गरज असेल. मग नावांचं सांगा. नाव काढून 'घर क्रमांक ७' असं लिहिलं तरी आलेख तोच राहतो. वर्गातल्या चाळीस घरांची सरासरी एकत्र काढली तर त्याहून बरं, कारण मग चर्चा कोणाच्या बाबांची होत नाही, पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्याची होते. उजनी धरणात पाणी असताना आपल्या नळाला ते पहाटे तीनला का येतं, हा प्रश्न मुलांनी महापालिकेला पत्र लिहून विचारला तर मराठीचा पत्रलेखनाचा धडाही उरकेल. मुलीला मात्र आधी विचारा, तिचा तक्ता भिंतीवर राहिलेला तिला हवाय का. तिनं केलाय, तिलाच ठरवू द्या.

मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या, नाहीतर नका देऊ, तुमचं तुम्ही बघा. पुढच्या पाण्याला पहाटे तीनला त्यांना उठवा असं मी सांगणार नाही. अकरावीतल्या दादाला मात्र उठवा. दहा मिनिटं म्हणजे फारच झाली.

एक राहिलं. फोटो मोठा करून मी आकडे तपासले, सवय जात नाही. एकूण ३०० मिनिटं, बरोबर. आईचे टक्के ६६.७, मुलीचे १३.३, दादाचे ३.३, सगळे बरोबर. आजीच्या ५० मिनिटांचे १६.७ यायला हवेत, लेकीनं १७.६ लिहिलेत, आकडे उलटे पडलेत. त्यामुळं तिची शंभराची पट्टी शंभराच्या वर जातेय. बाईंच्या नजरेतून सुटलंय. भेटायला जाल तेव्हा तेवढं दाखवा.